हसनाबादच्या वस्तीवर धर्ममाता व्हायला गेले त्याची गोष्ट

शनिवारी सकाळी जालन्यातल्या मस्तगडहून निघाले, भाचीच्या लेकीच्या बाप्तिस्म्याला. लेकराला कपडे द्यायचे, जेवायचं आणि उपासना चालू असताना देवळाबाहेर बसायचं, एवढंच ठरवलं होतं. तीन वर्षं झाली, मी देवळाची पायरी चढले नाही. मालक दवाखान्यात होते तेव्हा आठ दिवस उपास धरून प्रार्थना केली. ते गेले. मातीच्या दिवशी आमच्या देवळाच्या मंडळीतली एक बाई म्हणाली, तुमचा विश्वास कमी पडला. तेव्हापासून देवही सोडला आणि ती बाईही.

जायचं असेल तर जालन्याच्या स्टँडवरून राजूरची एसटी धरा, बायांना अर्धं तिकीट लागतं. चतुर्थीला जाऊ नका, गणपतीच्या गर्दीत उभं राहायलाही जागा मिळत नाही. राजूरला गरम भजे खा, चहा नका घेऊ, नुसती साखर असते. पुढं हसनाबादला जीप. भरल्याशिवाय हलत नाही, मी पाऊण तास उन्हात बसले आणि ड्रायव्हरला चार शब्द सुनावले. भाचीची वस्ती गावाबाहेर शेतात आहे, शेवटचा रस्ता मातीचा. चप्पल जुनी घाला.

पोचले तर शीलानं, म्हणजे भाचीनं, पाण्याचा तांब्या हातात देऊन सांगितलं की धर्ममाता म्हणून माझं नाव पाळकसाहेबांना दिलंय. धर्ममातेला सगळ्या मंडळीसमोर लेकराच्या वतीनं वचन द्यावं लागतं.

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर न्हाई म्हणली असतीस, मावशी."

खरं होतं. पण खोटं वचन मी देत नाही. पाणी पिऊन तशीच पाळकसाहेबांकडं गेले. ते मोटरसायकलची चेन बसवत होते. सगळं सांगून टाकलं, आणि मीच म्हणाले, दुसरी बाई बघा. मला वाटलं आता बायबलातली वचनं वाचून दाखवतील. त्यांनी हात पुसले.

"लबाड धर्ममाता मलाबी नको. उद्या मी विचारीन, तुम्ही खरं काय ते सांगा. न्हाई आलं तर न्हाई म्हणा."

शीलाला हे सांगितलं तर तिचं तोंड उतरलं. सगळ्यांसमोर नको म्हणू नकोस, एवढंच बोलली. तिची आई हयात नाही, आईच्या जागी मीच आहे. ज्वारीची भाकरी आणि ठेचा चांगला होता, पण अर्धी भाकरी तशीच ठेवली.

रविवारी दहाला उपासना. देऊळ म्हणजे पत्र्याची एक खोली, खाली सतरंजी. लेकराला घेऊन पुढं उभी राहिले. पत्रा तापला होता, लेकरू माझ्या पदराचं टोक चोखत होतं. सैतानाला सोडता का, असं पहिलं विचारलं. त्याला लगेच हो म्हणाले, त्यात काय अवघड. मग पाळकसाहेबांनी विचारलं, "ह्या लेकराला देवाकडं जायचा रस्ता दाखवाल का?"

शीला खाली बघत होती. मी लेकराच्या तोंडातून पदर सोडवला. मग म्हणाले, "दाखवीन. रस्ता माहीत हाय मला. त्याच रस्त्यानं मी देवाकडून परत आलेय."

मागं भिंतीला टेकून बसलेली एक म्हातारी तंबाखू लावलेल्या दातांनी हसली. "मंग जायलाबी तोच हाय की, बाई."

पाळकसाहेबांनी पाणी घेतलं. लेकरू असं रडलं की पुढचं काही ऐकू आलं नाही. नाव ठेवलं रूथ. नंतर मटण-भाकरी झाली, शीलानं मला दोनदा वाढलं.

घरी येऊन आठवडाभर त्या म्हातारीचंच बोलणं डोक्यात. दाखवीन म्हणून बसले, पण तीन वर्षांत आपण त्या रस्त्यानं गेलोच कुठं? रविवारी साडी नेसले आणि आमच्या जालन्याच्या देवळात गेले. मागच्या ओळीत जागा नव्हती. होती ती मातीच्या दिवशी बोललेल्या त्याच बाईच्या शेजारी. तिनं मला बघितलं, शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली. राग गेला असं समजू नका, ना तिच्यावरचा, ना देवावरचा. पण बसले.