घोडीच्या पाठीवर उमटलेला पोळा

पोळ्याच्या दिवशी आमच्या शेजारच्या आबांनी रंगाची वाटी घेऊन माझ्या अंगणात पाऊल टाकले, तेव्हा मी ओसरीवर अर्ज लिहीत बसलो होतो. त्यांनी आपली बैलजोडी त्या वर्षी विकली होती. दावणीला केवळ दोन गाई उरल्या होत्या.

"भाऊसाहेब, कुनाच्या तरी पाठीवर हात उमटवायला नको का?" असे म्हणत त्यांनी गुलाबी रंगात बुडवलेले दोन्ही तळवे माझ्या पांढऱ्या घोडीच्या पाठीवर, मानेवर टेकवले. मला ते रुचले नव्हते. परंतु त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मी हरकत नोंदवली नाही.

दुसऱ्या दिवशीची सकाळ मला आजही पाण्याखालून पाहिल्यासारखी दिसते. खर्ड्याच्या किल्ल्याकडून येणारे ऊन धुक्यात अडकलेले होते आणि लिंबाखाली घोडी मान खाली घालून उभी होती; जणू झोपेतून बाहेर येण्याची वाट तिला सापडत नव्हती. मी तिच्या मानेवर हात ठेवला. तळव्याखाली उंचवटे लागले. मानेपासून पोटापर्यंत कुठे हरभऱ्याएवढ्या, कुठे सुपारीएवढ्या गाठी होत्या. पापण्या सुजल्या होत्या आणि श्वासाला बारीक शीळ होती.

माझा संताप तत्काळ पलीकडच्या शेतातल्या सोयाबीनकडे वळला. तिथल्या औषधफवारणीविषयी मी तालुक्याला यापूर्वीच अर्ज केले होते. नव्या अर्जाचा मजकूर अंगणातून ओसरीपर्यंत पोहोचेतो मनात सिद्धही झाला. प्रथम मात्र मी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना फोन केला.

त्या येण्याआधी आबा आले. गाठी पाहताच ते चार पावले मागे सरले.

"लंपी हाय ही! माझ्या गाई हायत हितं. आत्ताच्या आत्ता वस्तीवरनं हलवा हिला."

"कोणत्या अधिकारात?" मी विचारले. "आणि हिला श्वास पुरत नाही. ही चालेल तरी किती?"

"तुमचं कलम गाठीला वाचून दावा, गाठ बसती का बघू! तुमी न्हाई हलवली, तर आमी चार मान्सं हलवू."

त्यांनी गाई सोडून दूरच्या बांधावर नेल्या. मी दोर धरून घोडीपाशी उभा राहिलो. धुके, लिंब, तिचा उष्ण श्वास, सगळे एकमेकांत विरघळत होते. तिला ओढून नेणारी चार माणसे मला त्या धुक्यात येताना दिसत आणि पुन्हा नाहीशी होत.

डॉक्टरीणबाई स्कूटीवरून आल्या. त्यांनी एक गाठ बोटाने दाबली. तिथे खळगा पडला आणि हळूहळू भरून आला.

"या पित्ताच्या गांधी आहेत. लंपी गाई-म्हशींना होते, घोड्यांना नाही. काही नवीन खाल्लं? अंगाला काही लागलं?"

"फवारणी!" मी गरजलो.

"कधी झाली?"

मला उत्तर देणे भाग होते. मागच्या आठवड्यात झाली होती, तीही वारा उलट असताना. त्यांनी मान हलवली आणि पाठीवरचे पुसट गुलाबी पंजे निरखले. गांधी त्यांच्याभोवतीच सर्वांत दाट होत्या.

"हा रंग कोणी लावला?"

बांधावरून परतलेले आबा कुंपणाशी थबकले. "मीच. पर बाई, बैलांना दरसाल लावतो की. कवा काय झालं न्हाई."

"तिला सोसला नाही. बैलांना सोसतो म्हणून हिला सोसेल असं नसतं." त्यांनी इंजेक्शन दिले. "आता नुसतं गार पाणी ओता. साबण नको, घासणं नको, हळद किंवा लिंबाचा पालाही नको. श्वासाचा आवाज वाढला तर लगेच फोन करा."

त्या गेल्या. आबा कुंपणातून आत आले.

"भाऊसाहेब, माझ्यावर कंचं कलम बसतं?"

वर्षानुवर्षे जतन केलेला माझा सारा क्रोध त्या क्षणी निराधार झाला. समोर एक माणूस उभा होता, ज्याला सणाच्या दिवशी हात ठेवायला पाठ हवी होती.

"हेतू नव्हता," मी म्हणालो. "बादली उचला."

आम्ही आळीपाळीने पाणी ओतत राहिलो. गुलाबी ओघळ पोटाखालून ठिबकत मातीत मुरत होते. ऊन वर आले तसा श्वास मोकळा झाला. शीळ कधी थांबली ते आम्हा दोघांनाही कळले नाही. दुपारी मी पुन्हा मानेवर हात फिरवला. गांधी तळव्याखाली बसत चालल्या होत्या, लाट वाळूत जिरावी तशा. तिने सुजल्या पापण्या उघडून कडब्याकडे तोंड वळवले.

आबा मग बांधाकडे गेले, दोन्ही गाई घेऊन आले आणि त्यांनी त्या घोडीशेजारी, त्याच सावलीत बांधल्या.