लिओटाची आखूड काडतुसं

पाण्याच्या टाकीपाशी बर्फावरून घसरून लिओटा ब्रँडवोल्डचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण मूठ पहिल्यासारखी वळेना. डॉक्टर म्हणाले, "आता एवढ्यावरच भागवायचं." लिओटा म्हणाली, "भागवीन की. डावा शाबूत आहे."

नवरा आर्विड गेल्यापासून मेंढ्यांचा कळप ती एकटीच सांभाळत होती. मोंटानातल्या त्या उघड्या माळावर जवळचं घर म्हणजे धाकट्या दिराचं, ऑर्व्हलचं, तेही टेकडीपलीकडे. तिच्या कुरणावर ऑर्व्हलचा पहिल्यापासून डोळा. हात मोडल्यावर तर तो दर रविवारी चर्चमधून थेट तिच्याच दारात. कॉफी प्यायची, दालचिनीचा पाव खायचा आणि उठताना म्हणायचं, "कुरण मला दे चारायला, तू गावात राहा. कोल्हे आले तर काय करशील? हाक मारशील?"

तिच्या कमरेला आर्विडचं रिव्हॉल्व्हर असायचं. दर गोळीला अंगठ्यानं घोडा मागे ओढावा लागे, अशा जुन्या धाटणीचं. त्याला दोन सिलिंडर होते. एकात लांब काडतुसं बसत, दुसऱ्यात आखूड. गोळीची जाडी सारखीच, म्हणून नळी तीच चाले; मधली खीळ उपसून सिलिंडर तेवढा बदलायचा. आर्विड कायम लांबच भरायचा. त्यांची गोळी जड, आणि दणका असा की बैल आडवा व्हावा.

"चालवून दाखव बघू," एका रविवारी ऑर्व्हल म्हणाला.

तिनं चालवलं. हिसक्यासरशी मनगटातून कळ गेली आणि रिव्हॉल्व्हर बर्फात पडलं. ऑर्व्हल हसला नाही. त्यानं ते उचललं, बाहीला पुसलं आणि मूठ तिच्याकडे करून परत दिलं. तो हसला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

दुसऱ्याच दिवशी ती डेल्मरच्या दुकानात गेली. "आखूड दे."

"ती शहरातल्या पिस्तुलांना लागतात गं," डेल्मर म्हणाला. "मेंढ्या राखायच्यात की चिमण्या मारायच्यात?"

शेगडीपाशी ऑर्व्हल बसलाच होता. "बायकी गोळ्या आहेत त्या, डेल्मर. कोल्हा लाजून पळेल."

"जड गोळी चुकली तर ती कुणाला मारते, ऑर्व्हल?" तिनं विचारलं. ती डेल्मरकडे वळली. "मग दे आखूडच. दोन खोकी जास्त दे."

हिवाळाभर ती गोठ्यामागे डाव्या हातानं डबे उडवत राहिली. आधी एकही उडेना. आखूड काडतुसाची गोळी हलकी, ती जरा खालीच लागायची. नेम थोडा वर धरायचा हे अंगवळणी पडायला वेळ लागला. पण हिसका सोसवत होता, डोळे मिटत नव्हते. शिवाय रिव्हॉल्व्हर डाव्या हातात धरलं की काडतुसं भरायची खिडकी आपसूक उजव्या बोटांसमोर यायची. मूठ वळत नसली तरी चिमटीत काडतूस धरता येत होतं. लांब काडतुसांचा सिलिंडर तिनं तेल लावून कपाटात ठेवून दिला.

मेंढ्या विऊ लागल्या आणि कोकरं मरू लागली. फाडलेली, पण खाल्लेली नाहीत. भुकेला कोल्हा असं करत नाही. तिनं ऑर्व्हलला फोन केला.

"तुझे कुत्रे रात्री कुठं असतात?"

"बांधलेले. तुला हातात धरवत नाही, आता दिसतही नाही का?"

दोन-तीनदा फोन केला, दर वेळी हेच.

मग एका सकाळी कळप कुंपणाला भिडलेला दिसला. एका मेंढीच्या नरड्याला टिप लोंबत होता, ऑर्व्हलचा तांबडा कुत्रा. पिल्लू असताना तिच्याच स्वयंपाकघरात दूध प्यायलेला. तिनं हाक मारली. त्यानं वळून पाहिलं, ओळखीची शेपटी हलवली आणि पुन्हा तोंड घातलं.

गोळीच्या वाटेत कळप येणार नाही अशी बाजू मिळेपर्यंत ती चालत गेली. पहिली गोळी मातीत गेली. तिनं घोडा ओढला, नेम वर घेतला. दुसरी लागली.

मग ती त्याच्याशेजारी बसली. बराच वेळ बसली.

कुत्र्याला ट्रकमध्ये घालून तिनं ऑर्व्हलच्या अंगणात नेलं. ऑर्व्हल बाहेर आला, त्यानं गाडीत पाहिलं.

"कोल्हा समजलीस?"

"नाही. टिप समजूनच मारला. तोंडाला लोकर आहे अजून, बघ."

त्यानं पाहिलं. कुत्र्याच्या कानावरून हात फिरवला. "तडफडला?"

"नाही."

"फोन करायचास."

"केला होता. खड्डा तूच खण, मला खणवत नाही, ते खरंय. बाकी सगळं येतं मला. आणि कुरण मागायला पुन्हा येऊ नकोस. मी मेल्यावरही मिळणार नाही, तशी सोय करून ठेवीन."

चर्चच्या जेवणाला बायका कुजबुजल्या, सख्ख्या दिराचा कुत्रा मारला म्हणून. लिओटानं ताट भरून घेतलं आणि मधल्या टेबलावर, सगळ्यांसमोर बसून जेवली. कमरेचं रिव्हॉल्व्हर तेवढं गाडीत ठेवलं होतं.

लोकर कातरायच्या दिवशी मात्र ऑर्व्हल आला, दरवर्षीसारखा. दिवसभर मान खाली घालून मेंढ्या धरत राहिला. जेवायला आत आला नाही. तिनं कॉफीचा पेला नेऊन कुंपणाच्या खांबावर ठेवला.

"दुसरा बांधलाय," तो म्हणाला. "साखळीनं."

"बरं," लिओटा म्हणाली, आणि पुढची मेंढी ओढायला गेली.