वाळणं आणि उतरणं

पिपरी मेघेतल्या माझ्या जिमच्या दारावर बरेच दिवस एक फ्लेक्स होता. डावीकडे पोट सुटलेला एक कापड दुकानदार, उजवीकडे तोच, चार महिन्यांनंतर, अंगावर शर्ट लोंबणारा. खाली माझा फोटो, त्याच्यापेक्षा मोठा. आज माझ्या तीन जिम आहेत. पहिली चालली ती या फ्लेक्समुळे.

तेव्हा समोरच एसी जिम निघाली होती. तिचा मालक माझ्या लोकांना सांगायचा, "तो कायचा कोच? समुद्रपूरच्या जिनिंगमधला हमाल तो." कापसाच्या गाठी मी उचलल्या होत्याच, माझे खांदे त्यातूनच झाले. पण ते बोलणं मला अजून झोंबतं. त्याचं तोंड बंद करायचं होतं, आणि हा दुकानदार आठवड्याआठवड्याला उतरत होता.

दोन व्यायामांच्या मधे तो बाटलीभर पाणी प्यायचा. मी सगळ्यांना दाखवायचो, "पाहा, याले म्हणते शिस्त!" तो सारखा बाथरूमला जायचा, धापा टाकत बाकावर बसायचा. तेही मला मेहनतीचंच लक्षण वाटलं.

एकदा त्याची बायको आली. "भाऊ, हे वाळून राह्यले. तुमाले दिसत नाई का?"

"वहिनी, याले वाळणं नाई, उतरणं म्हणते."

सगळी जिम हसली. तीही ओशाळून हसली. मग हळूच म्हणाली, "डॉक्टरले दाखवू का एकदा?"

माझं डोकं फिरलं. "दाखवा ना! मंग मी काय इथं भजे तळून राह्यलो?"

त्यांनी दाखवलं नाही. माझ्या शब्दावर.

पुढच्या महिन्यात तो दुकानातच कोसळला. साखर इतकी वाढली होती की शुद्धीवर यायला दोन दिवस लागले. ती अंगात आधीपासूनच होती, वजन तिनेच नेलं होतं.

मी दवाखान्यात गेलो. त्याची बायको रागावली नाही. एवढंच म्हणाली, "भाऊ, तो फ्लेक्स तेवढा काढून टाकजा."

आणि मी, त्या खाटेशेजारी उभा राहून, घासाघीस केली. "दिवाळीपर्यंत राहू द्या, वहिनी. लोक पाहून पाहून येऊन राह्यले."

डोळे मिटून पडलेला तो म्हणाला, "राहू दे वं. सरचा धंदा आहे."

दिवाळी गेली. पुढचीही गेली. फ्लेक्स मी काढला नाही. उन्हाळ्यातल्या एका वावटळीत तो फाटला.

आता कोणाचं वजन भराभर उतरलं की मी आधी रक्त तपासायला पाठवतो. लोक म्हणतात, सर फार काळजी घेतात. का, ते मी सांगत नाही.

तो दुकानदार अजून जिमसमोरून जातो. स्कूटर हळू करतो, हात वर करतो आणि मोठ्याने हाक देतो, "सर!" समोरचा एसी जिमवालाही ते ऐकतो. मी मान वर करत नाही.