दत्तूच्या चाकांचा निकाल

रविवारी सकाळी सुमनचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "वन्सं, हे गेले," एवढंच ती म्हणाली. मी विचारलं, "सायकलवरून पडला का?" ती म्हणाली, "नाही हो, खुर्चीत बसून चहा पीत होते." खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मला सुटल्यासारखं वाटलं. सायकलनं नाही ना नेला. रडू नंतर आलं, तेही थोडंच. आता सहा आठवडे झाले. रडू थांबलंय, पण एका जागी बसवत नाही. घासलेली भांडी पुन्हा घासते, जिन्यापर्यंत जाते आणि परत येते. का, ते एकदा लिहून टाकते.

दत्तू माझा धाकटा भाऊ. खडकीला कारखान्यात फिटर होता. सगळी नोकरी त्यानं एका काळ्या, जड सायकलवर काढली. निवृत्त झाल्यावर माणसं देवदेव करतात, तर ह्यानं वाकड्या हँडलची, बोटाएवढ्या टायरची सायकल घेतली. दर रविवारी चारपाच जण मिळून कात्रजच्या घाटात जायचे, जुन्या बोगद्यापर्यंत. मी म्हणायचे, "अरे, बस जाते की तिकडं." तो म्हणायचा, "बसला घाम येत नाही, अक्का." पण शेवटच्या वळणावर त्याला उतरून सायकल ढकलावी लागायची, आणि ते त्याला फार लागायचं. त्याचे जोडीदार बनसोडे त्याच्याहून दोन वर्षांनी मोठे, ते वर जाऊन त्याची वाट बघत थांबायचे. तिथून डोक्यात चाकांचं खूळ शिरलं. दुकानदारानं सांगितलं, सायकल चांगली आहे पण चाकं जड आहेत, हलकी घाला, चढ सोपा जाईल. वर्षभर ह्याचं तेच. घालू की नको घालू. जुन्या चाकांचे आरे त्यानं स्वतः आवळलेले, आउट, म्हणजे चाकाचा बाक, असा काढलेला की ते केसाइतकंही डगमगायचं नाही. ती काढून टाकायची जिवावर यायचं, आणि रविवारी चढ आला की पुन्हा नवी हवीत. जेवताना तेच, लग्नाच्या पंगतीत तेच. सुमन म्हणायची, "मला बघायला आले तेव्हा चहा संपायच्या आत हो म्हणाले होते."

शेवटी एका दुपारी दोन चाकं घेऊन माझ्या दारात उभा. एक त्याचं, टायर काढलेलं. एक नवं, दुकानदाराकडून दाखवायला म्हणून आणलेलं. मी चाळीस वर्षं भाजी विकली. पहाटे मार्केट यार्डातून माल आणायचा आणि दिवसभर तोलायचा. काटा लागायचा तो गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी, माझ्या हाताला सगळं आधीच कळलेलं असायचं. आणि मापात मी कुणाला फसवलं नाही. हे दत्तूला माहीत होतं.

"काट्यावर फरक दिसतोच गं," तो म्हणाला, "पण हाताला कळतो का ते सांग. तुझ्या हाताला कळला नाही, तर माझ्या पायाला काय कळणार?"

मी दोन्ही उचलली. फरक पावशेराच्या आसपास होता, झोपेतही कळला असता. पण महिन्यापूर्वीच तो घाटातून उतरताना घसरून कोपर सोलून आला होता. मला वाटलं, चाकं हलकी म्हणजे खाली येताना आणखी पळणार. मी म्हणाले, "काही फरक नाही."

"नीट बघ."

"नीटच बघितलं. घेऊन जा ही, दार अडलंय."

त्यानं माझ्या हातांकडे बघितलं. "म्हणजे चाकं नाहीत, मीच जड झालोय," म्हणाला आणि हसला. नवं चाक परत केलं. त्यानंतर तो घाटात गेला नाही. स्वारगेटपर्यंत सपाटीवर जाऊन यायचा. मी मनात म्हणाले, बरं झालं. दोन वर्षं तसंच म्हणत राहिले.

परवा सुमननं बनसोड्यांना बोलावलं. सायकल त्यांना द्यायची असं तिनं ठरवलं होतं. मीही तिथं होते. बनसोड्यांनी पुढचं चाक फिरवून बघितलं आणि म्हणाले, "वहिनी, नेतो, पण चाकं हीच ठेवतो. दत्ता सांगायचा, आमच्या अक्काच्या हातानं निकाल दिलाय."

मी विचारलं, "हलकी चाकं उतारावर फार पळतात ना?"

"छे हो, अक्का. त्यांचा उपयोग चढावर. उतारावर काय, ब्रेक आपल्या हातात." मग म्हणाले, "मी त्याला म्हणायचो, एकदा घालून तर बघ. पण तो म्हणायचा, दोष चाकांचा नाही, माझंच वय झालं."

"फरक होता," मी म्हणाले. "पावशेराचा. मला कळला होता. मी खोटं बोलले."

बनसोड्यांनी फिरतं चाक हातानं थांबवलं. मग सुमन म्हणाली, "भीतीपोटी बोललात, वन्सं. बरंच केलंत." सुमन चांगली बाई आहे. पण मी बरं केलेलं नाही. तो चढून गेला असता की पडला असता, हे आता कुणी सांगू शकत नाही. हलक्या चाकांवरही कदाचित उतरून ढकलावीच लागली असती. तरी ते त्यानं बघायचं होतं. मी त्याला बघू दिलं नाही, आणि वर त्याच्या पायांवर दोष ठेवला.

बनसोड्यांना मी सांगितलं, "चाकं बदला. बोगद्यापर्यंत गेलात की मला फोन करा. उतरून ढकलावी लागली तरी करा, आणि खरं सांगा." ते हो म्हणाले. जुनी चाकं मी मागून घेतली. स्वयंपाकघरात दाराआड उभी आहेत. येता-जाता एखादं उचलते, परत ठेवते. वजन अजून बरोबर कळतं.