अठ्ठावन्न मिनिटांची कॅसेट

हे वाचून तुम्ही हसणार, हे धरूनच लिहितोय. मीही हसलो असतो. इलेक्ट्रॉनिक्समध्ये बी.एस्सी. केलेला माणूस मी... कुणाच्या अंगात आलं म्हटलं की "आधी बीपी तपासा" असं तोंडावर सांगणारा. घरात देवपूजा आई करायची, मी फक्त प्रसादाचा धनी. त्यामुळे खाली जे लिहितोय ते पटवून देण्यासाठी नाही. डोक्यातून जात नाही म्हणून लिहितोय.

लातूरला क्लासेसच्या गल्लीत माझं दुकान होतं. झेरॉक्स, नोट्सचं बाइंडिंग, सीडी रायटिंग. त्या वर्षांत गल्लीत पाय ठेवायला जागा नसायची. बाहेरगावची पोरं, पाठीवर सॅक, हातात टेस्टचे पेपर. जोडीला मी जुन्या व्हिडिओ कॅसेटची डीव्हीडी करून द्यायचो. लोकांचे व्हीसीआर बंद पडत चालले होते, त्यामुळे ते काम बरं चाललं होतं.

दुकानाच्या मागच्या बोळात कमलकाकूंची मेस होती. मी दुपारी तिथंच जेवायचो. काकू मूळच्या औसा तालुक्यातल्या. त्यांचं गाव भूकंपात गेलं, एवढंच मला ठाऊक होतं. त्या स्वतः कधी बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही. मुलगा संतोष पुण्याला नोकरीला.

एकदा संतोष सुट्टीवर आला तेव्हा एक कॅसेट घेऊन दुकानात आला. त्याच्या काकाच्या लग्नाची, भूकंपाच्या आधीच्या उन्हाळ्यातली. घरातलं सगळं ढिगाऱ्यात गेलं, पण ही कॅसेट काकीच्या माहेरी उदगीरला होती म्हणून वाचली.

"दादा, मला अण्णांचा आवाज आठवंना झालाय," तो म्हणाला. अण्णा म्हणजे त्याचे वडील, भूकंपात गेलेले. "ह्यात ते बोललेत म्हणतात. डीव्हीडी करून द्या."

कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. फाइल नेमकी अठ्ठावन्न मिनिटांची. शेवटी नवरीकडच्या वऱ्हाडाची पाठवणी, मग पडद्यावर नुसत्या मुंग्या. पण ती डीव्हीडीच्या फॉरमॅटमध्ये कन्व्हर्ट केली तर लांबी अर्ध्या मिनिटानं वाढली.

असं होतं कधीकधी. फ्रेम रेट चुकतो, ऑडिओ पुढंमागं होतो. म्हणून शेवट उघडून बघितला. मुंग्या संपल्यावर पुन्हा चित्र होतं. लग्नातलंच घर, निळं दार, पण मांडव नाही, माणसं नाहीत. ओट्यावर पाचेक वर्षांची पोरगी पाय हलवत बसलेली. पिवळा फ्रॉक. लग्नात हीच पोरगी सगळ्यांच्या मधे मधे लुडबुडत होती. उजव्या कानाची पाळी ओढायची सवय तिला, दर दोन मिनिटांनी. इथंही तेच. आवाज मात्र काहीच नाही.

शूटिंगवाल्यानं उरलेल्या टेपवर काढलं असेल, मी समजलो. पण मग मूळ फाइलमध्ये ते का नव्हतं? तीनदा तपासलं. नव्हतं. टेम्प फोल्डर रिकामं केलं, मशीन रीस्टार्ट केलं आणि पुन्हा कन्व्हर्ट लावलं. मधे लोडशेडिंग झालं, पूर्ण दुपार गेली त्यात.

ह्या वेळी एक मिनिट जास्त. तेच घर, तेच निळं दार. ओट्यावर दहाएक वर्षांची मुलगी, शाळेचा ड्रेस, लाल रिबिनीच्या दोन वेण्या. ती उजव्या कानाची पाळी ओढत होती.

मी पंखा बंद केला. का केला, ते सांगता येणार नाही... थंडी वाजत होती एवढं खरं.

दुसऱ्या दिवशी जेवताना काकूंना सहज विचारल्यासारखं विचारलं, "लग्नानंतर घराचं शूटिंग कुणी केलं होतं का हो?"

"न्हाई रे. शूटिंगवाला वऱ्हाडासंगं उदगीरला गेला तो गेलाच. आन् नंतर घर ऱ्हायलंच कुठं? चार म्हैन्यात भूकंप." काकू पोळी वाढता वाढता थांबल्या. "पिवळा फ्रॉक दिसला का रे तुला त्यात? माझी रेखा ती. पाच वर्साची हुती. संतोषला ताप म्हणून मी त्याला घिऊन लातूरला दवाखान्यात आले, तर यष्टीच्या दाराला लटकून रडायली. चापट मारली मी तिला. अण्णांनी वढून घरी नेली."

मग हळूच म्हणाल्या, "अण्णा सापडले. सासूबाई सापडल्या. ती सापडली न्हाई."

ती पाच वर्षांची असताना जे घर पडलं, त्याच घराच्या ओट्यावर मी तिला दहा वर्षांची बघितली होती.

तरी मन मानेना. माझ्या मशीनचाच दोष असणार, दुसऱ्या मशीनवर करून बघावं म्हणून सकाळच्या गाडीनं नांदेड गाठलं. तिथं सलीमभाई, लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करणारे, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे आणि कामात पक्के. त्यांना नुसती कॅसेट दिली. "डीव्हीडी करून ठेवा, चार वाजता येतो." बाकी एक शब्द बोललो नाही. गुरुद्वाऱ्याच्या बाजूला जाऊन बसलो, उठलो, नदीवर गेलो, परत आलो. चार काही वाजेनात.

पायरी चढत होतो तेवढ्यात सलीमभाईंनी विचारलं, "वैजूभाऊ, शेवटी ती कॉलेजची पोरगी कोण हाय हो? लग्नात तर कुठं दिसली न्हाई."

"लावा बघू," मी म्हणालो.

त्यांनी लावून दाखवलं. तोच ओटा. सतरा-अठरा वर्षांची मुलगी, पंजाबी ड्रेस, मांडीवर बॅग. अगदी आमच्या गल्लीत दिवसभर दिसतात तशी. रेखा असती तर आज एवढीच असती. बराच वेळ ती समोर बघत बसली. कानाची पाळी ओढली. मग आतून कुणी हाक मारावी तशी मान वळवली, उठली आणि घरात गेली. मागं दार उघडंच. मग मुंग्या.

सलीमभाईंना सगळं सांगितलं. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "ये तो अमानत हाय, भाऊ," म्हणाले. "ज्याची त्याला द्या. आपण कोण ठेवून घेणारे?"

संतोषला फोन केला, तर तो चिडलाच. "दादा, तुमच्या पाया पडतो, आईला हे दाखवू नका. अनाथाश्रम पालथे घातलेत तिनं, सोलापूर, हैदराबाद... कुठं एखादी रेखा नावाची पोरगी हाय म्हणलं की निघालीच. आता कुठं थांबलीय. रेखाचं दिवसपाणी सुदीक करू दिलं न्हाई तिनं आम्हाला."

त्याचंही बरोबर होतं. जास्तीचा भाग कापून मी अठ्ठावन्न मिनिटांची साधी डीव्हीडी तयार केली. पण आठ दिवस मेसला गेलोच नाही. भूकच लागेना. गल्लीतून एखादी मुलगी कानाशी हात नेताना दिसली की काउंटरवरून उठून बघायचो.

शेवटी काकूच दुकानात आल्या, दुपारची पंगत उठल्यावर, ओल्या हातांनीच. साधी डीव्हीडी लावली. अण्णा पडद्यावर पाहुण्यांना ओरडून सांगत होते, "अहो जेवून घ्या, ऊन व्हायलंय!" काकू पदर तोंडाशी धरून हसल्या, रडल्या. संपलं. मी डिस्क काढायला वाकलो.

"वैजू, आल्यापासून तू माझ्याकडं बघंना झालास. काय लपवून ऱ्हायलास?"

खोटं बोलायला जमलंच नाही. जमेल तसं सांगितलं आणि नांदेडची डिस्क लावली.

काकूंनी पापणी हलवली नाही. ती मुलगी घरात गेली, मुंग्या आल्या, तरी त्या बघतच होत्या. मला वाटलं आता हंबरडा फोडतील, नाहीतर "कुठं हाय ती, चल" म्हणून उठतील. तसं काही झालं नाही.

"वेणी बघितलीस?" त्या म्हणाल्या. "किती घट्ट घातलीय. सासूबाई घालायच्या अशी, डोळे ताणले जायचे पोरीचे." थोड्या वेळानं, "ड्रेसला इस्त्री हाय. म्हंजे बघायलेत तिला. एकटी न्हाई ती."

मग म्हणाल्या, "परत लाव."

मी परत लावली. पाठवणी झाली, मुंग्या आल्या आणि डिस्क संपली. अठ्ठावन्न मिनिटं. माझ्या हार्डडिस्कवरच्या दोन्ही फाइल्स उघडल्या, त्याही अठ्ठावन्न मिनिटांच्याच. सलीमभाईंना फोन लावला. त्यांनी त्यांची कॉपी तपासली. तीही अठ्ठावन्न.

काकू पुन्हा कुठल्या आश्रमात गेल्या नाहीत. त्या वर्षी रेखाचं दिवसपाणी केलं, संतोषच्या शेजारी बसून स्वतः. तिचा एकही फोटो घरात उरला नव्हता, म्हणून लग्नाच्या व्हिडिओतून पिवळ्या फ्रॉकातली एक फ्रेम काढून मी मोठी करून नेली.

ही कसली गडबड म्हणावी? टेपवर आधीचं रेकॉर्डिंग होतं म्हणावं, तर तेव्हा ती मुलगी अठरा वर्षांची कुठून असणार? मला भास झाला म्हणावं, तर सलीमभाईंना काहीच न सांगता ते कसं दिसलं? ओळखीच्या सगळ्या टेक्निकल माणसांना विचारलं. ते कोडेकचं, म्हणजे व्हिडिओच्या सॉफ्टवेअरचं, नाव सांगतात, मी मान डोलावतो. ती कॅसेट त्यानंतर निदान वीस वेळा कन्व्हर्ट केली असेल. दर वेळी आधी लांबी बघतो. अठ्ठावन्न.

त्या दिवशी काकूंनी तो फोटो हातात घेतला, काचेवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडं बघून अगदी साध्या आवाजात विचारलं,

"ही लईच ल्हान हाय रे. मोठेपणीचा निघत न्हाई का?"