ड्युसेलडॉर्फ ते हीथ्रो, सव्वा तास

ड्युसेलडॉर्फ ते हीथ्रो जेमतेम पाचशे किलोमीटर, विमानाने सव्वा तास. इंग्लंडमधल्या रीडिंग गावातली सॉफ्टवेअरची नोकरी सोडून मी एका संस्थेसाठी स्टेम सेल पोचवण्याचं स्वयंसेवी काम घेतलं, तेव्हापासून असे आकडे मला पाठ आहेत. कुणा अनोळखी माणसाने दान केलेल्या पेशी एका देशातल्या हॉस्पिटलमधून घ्यायच्या आणि थंड पेटीतून दुसऱ्या देशातल्या पेशंटपर्यंत न्यायच्या, त्याही वेळेत, कारण त्या फार काळ टिकत नाहीत. पेटी क्षणभरही नजरेआड करायची नाही, एक्स-रे मशीनमध्ये तर घालायचीच नाही.

त्या नोव्हेंबरात पेशी केंब्रिजला न्यायच्या होत्या. साडेअकराच्या विमानासाठी मी दहालाच गेटपाशी जाऊन बसले. बाहेर इतकं धुकं, की काचेपलीकडच्या विमानाचं शेपूटही दिसेना. बोर्डावर आधी साडेबारा लागले, मग दीड, आणि मग वेळच गेली. उरलं नुसतं 'डिलेड'.

मी नवऱ्याला फोन करून ब्रसेल्समार्गे लंडनच्या ट्रेन बघायला सांगितल्या. त्याने बघितल्या, पण त्याला काही ते पटेना.

"अगं, सव्वा तासाचं तर विमान आहे. थांब ना जरा."

"सव्वा तास उडाल्यावर," मी म्हटलं. "उडणार कधी, ते सांगतंय का कुणी?"

ट्रेनने संध्याकाळी सातच्या पुढेमागे केंब्रिज गाठता येत होतं. संस्थेच्या कोऑर्डिनेटरला मी तेवढंच सांगितलं. तिने हॉस्पिटलला विचारलं, दहा मिनिटांत होकार कळवला आणि तिकिटंही काढली. मी पेटी खांद्याला लावून सिक्युरिटीतून उलटी बाहेर पडले.

खरी अडचण आली ब्रसेल्सला. लंडनच्या ट्रेनआधी सामान मशीनमधून जातं. तिथल्या तरुण अधिकाऱ्याने माझ्याकडचं, पेटीला एक्स-रे नको असं सांगणारं संस्थेचं पत्र दोनदा वाचलं आणि तरीही पट्ट्याकडेच बोट दाखवलं. मागे रांग वाढत होती. मी पेटीवरचा हात काढला नाही. हवं तर बाहेरून हाताने तपासा, वरिष्ठांना बोलवा, मी थांबते, पण ही आत जाणार नाही, असं मी त्याला शांतपणे सांगितलं. वरिष्ठ बाई आल्या. त्यांनी पत्र वाचलं, स्फोटकं तपासायच्या कागदी पट्टीने पेटी बाहेरून पुसली, ती पट्टी यंत्रात तपासली आणि मला पुढे सोडलं. ट्रेन सुटायला सहा मिनिटं उरली होती.

केंब्रिजला वॉर्डच्या दारात नर्स वाटच बघत होती. तिने पेटीतल्या पेशींच्या पिशवीवरचे नंबर दोनदा जुळवले, तापमानाची नोंद बघितली, सही केली आणि पेटी घेऊन आत गेली. मग मला आठवलं, की सकाळपासून मी काही खाल्लेलंच नाही.

घरी परतताना ट्रेनमध्ये सहज ते विमान शोधलं. धुकं विरून ते दोनला उडालं होतं. मी ब्रसेल्सच्या रांगेत वाद घालत होते, तेव्हा ते हीथ्रोला उतरलेलं होतं. नवऱ्याला सांगितलं तर तो हसला. म्हणाला, थांबली असतीस तर निवांत पोचली असतीस.

असतेही. पण बारा वाजता धुकं कधी हटेल हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि ट्रेनची वेळ मला माहीत होती. तीच परिस्थिती पुन्हा आली, तर मी पुन्हा ट्रेनच पकडीन.

आठवड्याने कोऑर्डिनेटरचा मेल आला: पेशी त्याच संध्याकाळी पेशंटला दिल्या. याहून जास्त आम्हाला कळवत नाहीत, आणि मीही विचारलं नाही.