लाल ओळ

तिचं नाव मी विचारलंच नाही. पांढरकवड्याहून यवतमाळला जाणाऱ्या एसटीत ती शेजारी बसली होती. मांडीवर लॅपटॉप, त्यावर उन्हासाठी ओढणीचा आडोसा. गाडी आदळली की आधी लॅपटॉप सावरायची, मग स्वतःला. स्क्रीनवर ओळी भराभर सरकत होत्या. अचानक एक लाल ओळ आली आणि सगळं थांबलं.

"अडलं का गं?"

"अडलं नाही काका, मीच अडवलं," ती हसली. "मी प्रोग्राम त्या कॉम्प्युटरच्या भाषेच्या नव्या स्टँडर्डात, म्हंजे नव्या नियमांत लिहिला. तो मशीनले समजावून सांगनारा कंपायलर इथं जुना आहे. तसंच सोडलं असतं तं प्रोग्राम बांधून देनाऱ्या बिल्ड सिस्टीमनं गुपचूप जुनं स्टँडर्ड लावलं असतं. म्हनून मी त्यात एक ओळ टाकली. नवं जमत नसन, तं तोंडावर नाही म्हन. हे लाल तेच."

"एवढं कशाला?"

बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. तिकडे बघत ती म्हणाली, "माह्या बाबाचा कापूस व्यापाऱ्यानं एक नंबर म्हनून घेतला, अन् गाडी रिकामी झाल्यावर दोन नंबरचा भाव लावला. तोंडावर कोनी बोललं नाही."

"मग आता?"

"कंपायलर नवा आना लागन. मी जुन्यावर नाही जात."

आणि तिनं ती लाल ओळ माझ्याकडे वळवली. लोक मिळालेलं बक्षीस दाखवतात, तशी.